कललेली पद्मिनी आणि चार आकडे: लक्षण एका कोपऱ्यात, कारण दुसऱ्याच

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक वाक्य सतत ऐकायला मिळतं: 'डेटा बोलतो.' खरं तर डेटा पुष्कळदा अर्धवट बोलतो. तो काय सांगू शकतो आणि काय सांगूच शकत नाही, हे आधी ओळखावं लागतं. हे समजावून सांगायला मला जुन्या गाडीच्या सस्पेन्शनइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. गणित बेरीज-वजाबाकीचं आहे, उपकरण म्हणून एक टेप पुरतो, आणि तरीही भलेभले इथे चुकीचा भाग बदलून मोकळे होतात.

उदाहरणाला गाडी घेऊ प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० च्या घराण्यातली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सगळ्यांनी पाहिलेली. २०२३ च्या ऑक्टोबरात ती मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून गेली, पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी आजही बऱ्याच आहेत. तिच्या पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना कमानीचे पाटे. म्हणजे गाडी चार स्प्रिंगांवर उभी आहे: पुढे दोन गुंडाळीच्या, मागे दोन पाट्यांच्या.

आता तक्रार अशी: 'गाडी उजवीकडे कललीय. पुढचा उजवा कोपरा बसलाय.' गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: पुढची उजवी स्प्रिंग बदला. किंवा त्याहून वाईट, 'शॉकअप गेलेत.' हे दुसरं उत्तर लगेच बाजूला ठेवू. साधा हायड्रॉलिक शॉकअप उभ्या गाडीचं वजन पेलत नाही, तो फक्त हालचाल शमवतो. (गॅस भरलेला असेल तर थोडा वर ढकलतो, पण थोडाच.) शॉकअप बदलून गाडी सरळ झाली, असं कोणी सांगितलं तर त्याच वेळी आणखी काय काय हललं, ते विचारा. पण पहिलं उत्तर, 'जो कोपरा खाली तीच स्प्रिंग खराब', हे पटण्यासारखं वाटतं. ते का अपुरं आहे ते पाहू.

एक स्प्रिंग बसली तर नेमकं काय होतं?

समजा, चारही स्प्रिंगांचा कडकपणा सारखा आहे. पुढची उजवी स्प्रिंग बसली, म्हणजे तिची मोकळी लांबी २० मिमीने कमी झाली. मग पुढचा उजवा कोपरा किती खाली येईल? पटकन तोंडात येतं: २० मिमी.

पण गाडीची बॉडी ही एक कडक वस्तू आहे. ती एका कोपऱ्यात वाकून खाली जाऊ शकत नाही. कलायची तर सगळी कलते. पुढे-मागे वजनाची वाटणी जवळपास तीच राहते, म्हणून पुढचा भाग सरासरी १० मिमी खाली येतो आणि मागचा सरासरी जागेवर राहतो. बाजूला कलण्याला मात्र मागचे पाटेही विरोध करतात. समतोल मांडला की चार कोपऱ्यांचे आकडे असे येतात:

– पुढचा उजवा: १५ मिमी खाली
– पुढचा डावा: ५ मिमी खाली
– मागचा उजवा: ५ मिमी खाली
– मागचा डावा: ५ मिमी *वर*

दोन गोष्टी टिपून ठेवा. एक, ज्या कोपऱ्यांच्या स्प्रिंगा ठणठणीत आहेत तेही हलले. मागचा डावा तर चक्क वर गेला. दोन, पुढे डाव्या-उजव्यातला फरक १० मिमी आणि मागेही १० मिमीच.

आता दुसरं गृहीतक घ्या. पुढच्या स्प्रिंगा उत्तम आहेत, मागचा उजवा पाटा २० मिमी बसलाय. तेच गणित पुन्हा करा. मागचा उजवा १५ खाली, मागचा डावा ५ खाली, पुढचा उजवा ५ खाली, पुढचा डावा ५ वर. डाव्या-उजव्यातला फरक? पुढे १०, मागे १०.

म्हणजे दोन वेगळ्या बिघाडांत कलाचा आकडा तोच आला. फरक उरतो तो फक्त पुढच्या आणि मागच्या सरासरी उंचीत. पण तुमच्या गाडीची मूळची उंची किती होती, हे तुम्हाला नक्की माहीत असेल तरच तो फरक कामाचा. पन्नास वर्षांच्या गाडीत, जिच्या स्प्रिंगा मधे कधीतरी बदलल्यात आणि टायरचा साइजही मूळचा नाही, तिथे ती खात्री कुठून आणायची? 'पुढचा उजवा बसलाय' हे डोळ्यांना दिसतं खरं. डोळा तिथे जातो, कारण बोनेट आणि मडगार्डमधली फट तिथे जास्त ठळक असते.

संख्याशास्त्रात याला ओळखक्षमतेचा प्रश्न म्हणतात. मोजमाप कितीही अचूक करा, दोन कारणांचा परिणाम सारखाच दिसत असेल तर मोजमापातून कारण निवडता येत नाही. मिलिमीटरऐवजी मायक्रोमीटरमध्ये मोजलंत तरी नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात आपण 'डेटा अजून गोळा करू' म्हणतो, तेव्हा स्वतःला विचारावं: अजून गोळा केल्याने दोन गृहीतकं वेगळी होणार आहेत का, की तीच संदिग्धता जास्त दशांश स्थळांसह मिळणार आहे?

वजनाचं काय होतं?

हा भाग केवळ दिसण्याचा नाही, म्हणून थांबून सांगतो. वरच्या पहिल्या उदाहरणात पुढची उजवी स्प्रिंग २० मिमी आखूड झाली, पण कोपरा १५ मिमीच खाली आला. म्हणजे ती स्प्रिंग आधीपेक्षा ५ मिमी *कमी* दबलेली आहे. सर्वांत खाली दिसणाऱ्या कोपऱ्यावर वजन कमी झालंय! पुढचा डावा आणि मागचा उजवा या तिरक्या जोडीवर भार वाढला, उरलेल्या तिरक्या जोडीवर तेवढाच घटला. चाकाच्या जागी कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन धरला तर प्रत्येक चाकावर १०० न्यूटनचा, म्हणजे साधारण १० किलोचा फरक. डुगडुगणाऱ्या चार पायांच्या टेबलासारखीच ही गोष्ट: वजन दोन तिरक्या पायांवर जातं.

परिणाम कुठे जाणवतो? ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर. पुढच्या दोन चाकांपैकी हलकं चाक आधी घसरतं आणि गाडी एका बाजूला ओढते. पावसाळ्यात घाट उतरताना हे कळणं चांगलं नाही. म्हणून ज्यांना वाटतं की खालच्या बाजूला रबराचं पॅकिंग कोंबून दिसायला सरळ केली की झालं, त्यांनी हे गणित एकदा स्वतः करावं. चुकीच्या स्प्रिंगखाली पॅकिंग घातलं तर गाडी सरळ *दिसेल*, पण तिरका भार दुप्पट होईल. करून पाहा: मागचा उजवा पाटा २० मिमी बसलेला असताना पुढच्या उजव्याखाली २० मिमी चढवा. कल शून्य, भारातला फरक १० ऐवजी २० किलो. लक्षण गेलं, रोग वाढला.

मोजायचं कसं

आधी फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टी. चारही टायर एकाच मापाचे आणि योग्य हवेचे. डिकी रिकामी. टाकीत पेट्रोल किती ते लिहून ठेवा. ड्रायव्हर बसलेला असेल तर प्रत्येक वेळी बसलेला, नसेल तर प्रत्येक वेळी नसलेला.

मग जागा. रस्त्यावर मोजू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. दोन टक्के उतार धरला तरी १.२ मीटर अंतरावरच्या दोन चाकांच्या जमिनीत २४ मिमीचा फरक पडतो. आपण डावीकडे गाडी लावतो, म्हणून रस्त्यावर उभी असलेली प्रत्येक गाडी डावीकडे झुकलेली दिसते. सोसायटीच्या पार्किंगची फरशीही सपाट असते असं नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि चार चाकांखालच्या जागा एका पातळीत आहेत का ते पाहा. नसतील तर पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे घालून आणा.

गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका. विशबोनचं चाक वरखाली होताना थोडं आतबाहेरही सरकतं, टायर जमिनीला धरून राहतो आणि गाडी काही मिलिमीटर वरच अडकते. ती दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला. पाट्यांमध्ये तर घर्षण भरपूर. म्हणून प्रत्येक टोक एकदा हाताने दाबून सोडा आणि मोजा, एकदा उचलून सोडा आणि मोजा. दोन्ही आकडे वेगळे येतील. सरासरी घ्या आणि फरकही लिहा, कारण तीच तुमच्या मोजमापाची अनिश्चितता. ती ६ मिमी असेल तर ४ मिमीच्या कलावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आता मोजा: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. आकड्यांना नावं देऊ: पुडा, पुउ, माडा, माउ.

चौथा आकडा फुकट नाही

कडक बॉडी तीनच प्रकारे हलू शकते: सगळी वरखाली, पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे कलणं. अज्ञात तीन, आकडे चार. म्हणजे एक आकडा जास्तीचा. तो तपासणीसाठी वापरायचा:

(पुडा − पुउ) आणि (माडा − माउ) सारखे आले पाहिजेत.

बसलेली स्प्रिंग कोणतीही असो, एक असो की तीन, ही अट मोडत नाही. वरची दोन्ही उदाहरणं पडताळून पाहा, दोन्हीकडे १० = १०. अट कधी मोडते? एका चाकाखाली खड्डा असेल तर. एका टायरमध्ये हवा कमी असेल तर. कधीतरी अपघातानंतर डेंटिंग करताना मडगार्डची कड १० मिमी खाली-वर बसवली असेल तर. किंवा बॉडीच पिळली असेल तर. उदाहरणार्थ, पुढच्या उजव्या चाकाखाली १० मिमीचा खड्डा असेल तर चाक आणि कड यांतलं अंतर पुढे उजवीकडे २.५ ने वाढतं, डावीकडे २.५ ने घटतं, आणि मागे बरोबर उलट. पुढचा फरक −५, मागचा +५. दोहोंतली तफावत १०, म्हणजे खड्ड्याची खोली.

सुंदर गोष्ट ही की ही तपासणी तुम्हाला गाडीबद्दल काहीच सांगत नाही. ती *मोजमापाबद्दल* सांगते. अट मोडली तर स्प्रिंगबद्दल बोलायचं नाही. आधी फरशी, टायर आणि मडगार्ड. मडगार्डवर शंका असेल तर चॅसीवरच्या एकाच जोडीच्या भोकांपासून किंवा ब्रॅकेटपासून मोजा. तुमच्या प्रयोगातही असा एखादा जास्तीचा आकडा असतोच, जो उत्तरासाठी लागत नाही. तो टाकून देऊ नका.

बघून कळत नसेल तर हात घालावा लागतो

अट पाळली गेली, कल खरा आहे. पुढच्या जोडीचा की मागच्या? आपण पाहिलं की आकडे सांगणार नाहीत. मग परिस्थिती बदलायची, अशी की एका जोडीचं मत बाद होईल.

जॅक मागच्या अ‍ॅक्सलच्या *बरोबर मध्याखाली* लावा आणि दोन्ही मागची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला. एका बिंदूवर टेकलेला अ‍ॅक्सल तराजूच्या दांडीसारखा कुठेही झुकू शकतो, त्यामुळे मागचे पाटे आता कल अडवत नाहीत आणि घडवतही नाहीत. बॉडी जी कलेल ती फक्त पुढच्या स्प्रिंगांमुळे. पुढचा डावा-उजवा फरक मोजा. मग उलट: पुढच्या क्रॉस मेंबरच्या मध्याखाली जॅक, आणि फरक मागे मोजा.

पुढची उजवी स्प्रिंग २० मिमी बसलेली असेल, तर मागे जॅक लावल्यावर पुढचा फरक १० वरून २० होईल, आणि पुढे जॅक लावल्यावर मागचा फरक शून्य. पाटा दोषी असेल तर बरोबर उलट. दोन्हीकडे काहीतरी उरलं तर दोष दोन्हीकडे वाटलेला आहे, आणि किती तेही कळतं. जमिनीवर उभ्या गाडीचा कल हा या दोन आकड्यांची कडकपणानुसार काढलेली सरासरी असतो.

काळजी: गाडीत कोणी बसलेलं नको, गाडीखाली तर अजिबात नको. दोन्ही बाजूंना घोड्या लावून ठेवा, पण न टेकणाऱ्या. मागची चाकं उचललीत की हँडब्रेकचा उपयोग संपतो, म्हणून पुढच्या चाकांना आधी दगड किंवा गुटके लावा. डिफरेन्शियलचा गोळा मध्यावरच आहे असं गृहीत धरू नका, टेपने मध्य काढा. आणि अँटी-रोल बार असेल तर त्याची एक बाजू सोडवा. तो डाव्या-उजव्याला जोडतो, आणि त्याचा दांडाच वाकलेला असेल तर तोही कल घडवू शकतो.

पुढची जोडी दोषी निघाली तरी 'स्प्रिंग' सिद्ध झालेली नाही. गंजून बसलेली स्प्रिंगची खुर्ची, झिजलेलं रबर पॅड, पिळलेला बुश, काहीही असू शकतं. इथे सर्वांत स्वस्त प्रयोग म्हणजे डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल. कल दुसऱ्या बाजूला गेला तर स्प्रिंग. जागेवर राहिला तर बॉडी किंवा बुश. औषधांच्या चाचण्यांमध्ये क्रॉसओव्हर म्हणतात ते हेच. कॉइल स्प्रिंग काढताना मात्र योग्य कॉम्प्रेसर हवा. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहून आकडे लिहा.

मागे असेल तर पाटे काढून दोन्ही डोळ्यांमध्ये दोरी ताणा आणि कमानीची खोली मोजा, डावी आणि उजवी. तुटलेलं पान, मोडलेला सेंटर बोल्ट, अडकलेला शॅकल इथेच दिसतो.

दुरुस्ती

बसलेल्या स्प्रिंगचा कडकपणा सहसा बदललेला नसतो. तिची मोकळी लांबी गेलेली असते. कडकपणा ठरतो तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवरून. जाडीचा तर चौथा घात येतो, म्हणून गंजाने जाडी २ टक्के कमी झाली तर कडकपणा साधारण ८ टक्के घटतो. यावरून काय करायचं नाही ते कळतं. उंच बाजूची स्प्रिंग कापू नका: वेढे कमी झाले की ती जास्त कडक होते, आणि मग रिकामी गाडी सरळ, भरलेली तिरकी. वेढ्यांमध्ये रबर अडकवणं हेही तेच, काही वेढे बाद होतात. स्प्रिंग किंवा पाटा भट्टीत तापवून 'उठवून' घेतला आणि नंतर नीट पाणी-टेम्पर केला नाही, तर तो काही महिन्यांत पुन्हा बसतो.

चांगला मार्ग म्हणजे जोडीने नवीन स्प्रिंगा, आणि त्या बसवण्याआधी सारख्या भाराखाली दोघींची उंची मोजणं. उरलेला छोटा फरक स्प्रिंगच्या खुर्चीखाली चकती घालून काढता येतो, कारण त्याने कडकपणा बदलत नाही. इथे तरफ लक्षात ठेवा: स्प्रिंग विशबोनवर चाकाच्या आत बसते. ती ६० टक्के अंतरावर असेल तर ५ मिमीची चकती चाकाच्या जागी सुमारे ८ मिमी होते.

शेवटी बुशचे बोल्ट. गाडी हवेत लटकत असताना ते आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत घट्ट होतं आणि गाडीला वर ढकलत राहतं. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या उंचीवर, मग आवळा. काहीशे किलोमीटर चालवा, पुन्हा मोजा, आणि मगच व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा.

तुमच्यासाठी एक गणित

एका गाडीचे आकडे, मिमीमध्ये: पुडा ३८२, पुउ ३७०, माडा ३६५, माउ ३६५. मेकॅनिक म्हणतो, 'मागचं बरोबर आहे, पुढची उजवी स्प्रिंग मागवा.' मोजमापाची अनिश्चितता २ मिमी.

स्प्रिंग मागवाल? मागवणार नसाल तर आधी काय तपासाल, आणि ती तपासणी झाल्यावर खरा कल किती उरण्याची शक्यता आहे? या आकड्यांशी जुळणारी किमान तीन वेगळी कारणं लिहा, आणि प्रत्येकाला बाद करू शकेल असा एक-एक प्रयोग. तुमच्या स्वतःच्या विषयातल्या एखाद्या निरीक्षणासाठी अशीच दोन रकान्यांची यादी करून पाहा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर संशोधन आराखडा अजून झालेला नाही.